घाई कुणाची, ओझे कुणावर?

जून उजाडला की महाराष्ट्रातील शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही एक दृश्य हमखास दिसू लागते. डोळ्यांवरची झोप पुरती उतरलेली नाही, गळ्यात पाण्याची बाटली, पाठीवर स्वतःच्या पाठीपेक्षा रुंद दप्तर, अशी तीन-साडेतीन वर्षांची मुले रिक्षात दाटीवाटीने बसून 'शिकायला' निघालेली असतात. घरी परतल्यावर त्यांना गृहपाठ असतो. ज्या बोटांना अजून सदऱ्याची गुंडी नीट लावता येत नाही, त्या बोटांनी चार रेघांच्या वहीत अक्षरे गिरवायची असतात. ते जमले नाही की घरात काळजीचे वातावरण पसरते. शेजारचा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो, आपला अजून वीसवर अडखळतो, या एका तुलनेने सुशिक्षित आईवडिलांची झोप उडते.

या पालकांना दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्या मनात मुलाविषयी प्रेमच असते आणि त्या प्रेमाला भीतीने ग्रासलेले असते. स्पर्धेच्या जगात आपले मूल मागे पडेल, ही ती भीती. बालशिक्षणाचा व्यापार नेमका याच भीतीवर उभा राहतो. मात्र या सगळ्या धांदलीत एक मूलभूत प्रश्न विचारायचा राहून जातो. मुलाने अमुक गोष्ट किती लवकर शिकावी, हा प्रश्न सारेच विचारतात. त्या वयाच्या मुलाच्या शरीराला, मेंदूला आणि मनाला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

बालकाच्या विकासाला स्वतःचा एक क्रम असतो. आधी मान धरणे, मग पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे आणि चालणे. आधी खांदा व दंड यांवर ताबा, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटे. हा क्रम सहसा बदलत नाही. गती मात्र प्रत्येक मुलाची वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणांतून काढलेले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय चालू लागण्याचे वय त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आढळले. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूलही निरोगी आणि सतराव्या महिन्यात चालणारेही निरोगी. पहिले हुशार आणि दुसरे मंद, असा अर्थ काढणे हे केवळ अज्ञान होय.

परंतु 'प्रत्येकाची गती वेगळी' या वाक्याचा आधार घेऊन निश्चिंत राहणे, हीदेखील तितकीच मोठी चूक ठरू शकते. तीन महिन्यांचे मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. 'याचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते' असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ऐकू न येणाऱ्या बालकाची वर्षे या धीरापायी वाया जातात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व सरकारी शाळेत करण्याची आणि दोष आढळल्यास उपचारांसाठी पुढे पाठवण्याची तरतूद आहे. तिची माहिती घराघरांत पोहोचवणे हे समाजात वावरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे. तुलना करू नये आणि दुर्लक्षही करू नये, या दोहोंमधला विवेक म्हणजे पालकत्व.

गर्भधारणेपासून मुलाचा दुसरा वाढदिवस होईपर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा साऱ्या आयुष्याचा पाया होय. जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असते आणि सहाव्या वर्षापर्यंत ते प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचते. या काळात मेंदूतील पेशींची जोडणी कशाने होते? महागड्या खेळण्यांनी नव्हे. बाळ हुंकार देते, आई त्याला उत्तर देते. बाळ हसते, आजी त्याच्याशी बोलते. ते बोट दाखवते, बाबा त्या वस्तूचे नाव सांगतात. या देवाणघेवाणीतून भाषा जन्म घेते. पाळण्यापाशी म्हटली जाणारी गाणी, टाळ्यांचे आणि बोटांचे खेळ, घास भरवताना सांगितलेली काऊचिऊची गोष्ट यांना आपल्याकडे कुणी अभ्यासक्रम म्हटले नाही. पण तो अभ्यासक्रमच होता. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला घन आहाराची पहिली चव देणारा अन्नप्राशन संस्कार आपल्या परंपरेत आहे. सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार, असाच सल्ला आजचे आरोग्यशास्त्रही देते. वयाला साजेशी गोष्ट त्या त्या वयात करावी, हा विचार या भूमीला परका नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

आज मात्र घास भरवताना गोष्टीची जागा मोबाइलने घेतली आहे. पडदा समोर धरला की मूल निमूटपणे तोंड उघडते, म्हणून ती सोय वाटते. परंतु पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी अधिक चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, असाच आहे. हा नियम पाळायचा तर तो आधी मोठ्यांना पाळावा लागेल, आणि खरी अडचण तेथेच आहे.

तीन ते सहा हे वय खेळाचे. 'नुसता खेळतो' हे आपल्याकडे तक्रारीच्या सुरात म्हटले जाते. वास्तविक या वयातील खेळ हेच अध्ययन असते. लेखनाचेच उदाहरण घ्यावे. जन्मतः बाळाच्या मनगटातील आठ छोटी हाडे कूर्चेच्या रूपात असतात आणि ती वर्षागणिक एकेक करून पक्की होत जातात. सहा-सात वर्षांपर्यंत त्यांतील बहुतेक पक्की झालेली असतात. पेन्सिल तीन बोटांत स्थिर धरण्याची ताकद त्याआधी हळूहळू येते. ती ताकद वहीत अक्षरे गिरवून येत नाही. मटार सोलणे, कणकेचा गोळा मळणे, फुले ओवणे, मातीची चूल करणे, रांगोळीचे ठिपके मांडणे, डाळ-तांदूळ वेगळे करणे यांतून ती येते. ज्या स्वयंपाकघरातून मुलाला 'पसारा करतोस' म्हणून बाहेर काढले जाते, तीच त्याची खरी लेखनशाळा असते. फिनलंडमधील मुले सातव्या वर्षी शाळेत औपचारिक शिक्षणाला प्रारंभ करतात; म्हणून तो देश काही अशिक्षित राहिलेला नाही.

हा विचार समजण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा ताराबाईंनी आदराने अभ्यास केला. पण तिचे अंधानुकरण केले नाही. महागडी साधने गोरगरिबांना परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया आणि माती यांतून साधने उभी केली. १९४५ साली बोर्डीत त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम हाती घेतले आणि तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. १९५७ नंतर हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वनवासी पाड्यांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, खाऊ द्यायचा, गाणी म्हणायची आणि मग शिकवायचे. मूल गुरे राखायला जात असेल, तर शाळा कुरणात भरवायची. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना अशा मातीतून उगवल्या.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शालापूर्व शिक्षण एकाच छताखाली आणणारी ही योजना जगातील मोठ्या बालविकास योजनांपैकी एक होय. परंतु तिच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी आहे? मध्यमवर्गाच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याचे ठिकाण. सेविकेच्या वाट्याला वजन-उंचीच्या नोंदी, सर्वेक्षणे, नाना प्रकारची कामे आणि तुटपुंजे मानधन. जिने मुलांना गाणी शिकवायची, तिचा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात सरतो. तीन ते सहा वर्षे हा शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा काळ आहे, असे व्यासपीठांवरून सांगायचे आणि त्या वयाला शिकविणाऱ्या स्त्रीला सर्वांत कमी मान व मोबदला द्यायचा, ही विसंगती किती काळ चालू द्यायची?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या बाबतीत योग्य दिशा दाखविली आहे. तीन ते आठ वर्षे हा एकसंध 'पायाभूत स्तर' मानण्यात आला. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, हे धोरणात स्पष्ट नमूद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांच्या विचाराचा आधार घेऊन शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद अशा समग्र विकासाची मांडणी केली आहे; या वयात लेखी चाचण्या व परीक्षा सर्वथा अनुचित असल्याचेही म्हटले आहे. २०२० च्या दप्तर धोरणानुसार शालापूर्व वर्गांना दप्तरच नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. कागदावर याहून अधिक काय हवे? पण वहीत रोज दोन पाने लिहून आणली नाहीत तर 'शाळेत काही शिकवत नाहीत' अशी तक्रार पालकच करतात, आणि ते दुसरीकडे जातील या धास्तीने शाळाही लिहवून घेतात. धोरण सरकार बदलू शकते. ही मानसिकता समाजालाच बदलावी लागेल.

सहा ते अकरा या वयात मूल आणखी वेगळे होते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत समान पाणी ठेवायचे आणि एका पेल्यातील पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतायचे. चार-पाच वर्षांचे मूल ठामपणे सांगते की उंच पेल्यात पाणी जास्त आहे. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल हसून म्हणते, 'पाणी तेवढेच आहे, पेला बदलला.' मधल्या काळात कुणी त्याला हे शिकविलेले नसते. त्याची विचारशक्ती तेथवर आलेली असते. तरीही हा विचार मूर्त वस्तूंच्या आधाराने चालतो. म्हणून या वयात गणित चिंचोक्यांनी, भूगोल गावच्या ओढ्यावरून, इतिहास जवळच्या किल्ल्यावरून शिकवावा. याच वयात मुलाला नियम कळतात, न्याय-अन्यायाची चाड येते. लंगडी, खो-खो, लगोरी, आट्यापाट्या यांत डाव कुणावर आला, बाद कोण झाले, यावरून होणारी भांडणे मुले आपसांत मिटवतात, तेव्हा सामाजिक जीवनाचा पहिला धडा गिरवत असतात. मैदाने गिळंकृत करणारी शहरे मुलांचा हा वर्गच बंद करीत आहेत, याचे भान नगररचना करणाऱ्यांना कधी येणार?

त्यानंतर येते ते वादळी वय. मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा वर्षांदरम्यान शारीरिक बदलांना आरंभ होतो. भावनांचा आवेग वाढतो. पण परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो. गाडीला वेग आला आहे आणि गतिरोधक अजून घडत आहे, अशी ही अवस्था. या वयातील उलट बोलणे, खोलीचे दार लावून घेणे, आईबापांपेक्षा मित्रांचे ऐकणे यांत बंडखोरीपेक्षा स्वतःची ओळख शोधण्याची धडपड अधिक असते. नेमक्या याच काळात घरांतून संवाद आटतो आणि उरतो तो केवळ गुणांचा हिशेब. पाळीविषयी मुलीशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. बदलत्या शरीराविषयी मुलाशी तर कुणीच बोलत नाही. मग ती पोकळी मोबाइल भरून काढतो. दुसरीकडे सातवी-आठवीपासूनच स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीचे ओझे लादले जाते. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असे मार्गदर्शन केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला जानेवारी २०२४ मध्ये करावे लागले. ही वेळ का आली, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मुलाचे पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे शिस्त लावावी आणि सोळावे लागताच त्याला मित्र मानावे, हे आपल्याकडील प्रसिद्ध सुभाषित सर्वांना ठाऊक आहे. वयानुसार पालकांचे वागणे बदलले पाहिजे, हे त्यातील शहाणपण आजही लागू आहे. मात्र त्यातील मधल्या टप्प्याचा आधार घेऊन जे छडीचे समर्थन करतात, त्यांनी थांबून विचार करावा. माराने मूल तात्पुरते गप्प होते. शिकते ते एवढेच की बलवानाने दुर्बळाला मारले तर चालते. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहेच. शिस्त म्हणजे नियमितपणा, ठामपणा आणि मोठ्यांचे स्वतःचे आचरण. परंपरेतील काळसुसंगत तत्त्व घ्यावे आणि कालबाह्य तपशील सोडावा, ही दृष्टी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच आधी दाखवायला हवी. १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीने उपनयनाच्या मूळ संकल्पनेतून किशोरवयीन मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार घडविला. वयाच्या वळणावर मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना स्वतःच्या विकासाची जबाबदारी जाणवून देणारा हा उपक्रम या दृष्टीचा चांगला वस्तुपाठ आहे.

बालसंगोपनाची चर्चा निघाली की साऱ्या अपेक्षा आईच्या पदरात टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या असत. मूल चार हातांत वाढे. आज आईबाप दोघे नोकरीला, आजी-आजोबा दूर गावी, ही असंख्य घरांची वस्तुस्थिती आहे. स्त्रीने घरी बसावे, हे त्यावरचे उत्तर नव्हे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. त्याची अंमलबजावणी व्हायला हवी. वडिलांनी मुलाला न्हाऊमाखू घालणे, गोष्ट सांगणे, पालकसभेला जाणे हे 'मदत' नसून त्यांचे कर्तव्य आहे, हे मानायला हवे. सोसायटीतील, आळीतील ज्येष्ठांनी संध्याकाळचा एक तास परिसरातील मुलांसाठी दिला, तर विरळ झालेले ते चार हात काही अंशी परत मिळतील.

शेतकरी बी पेरतो, पाणी घालतो, तण काढतो, राखण करतो; पण कोंब लवकर वर यावा म्हणून तो ओढत नाही. मुलांच्या बाबतीत एवढे शेतकीचे ज्ञान समाजाला पुरेसे आहे. बालवाडी निवडताना 'येथे लिहायला कधी शिकवता?' याऐवजी 'येथे मुले किती वेळ खेळतात, किती बोलतात, मातृभाषेत किती गोष्टी ऐकतात?' असे पालकांनी विचारायला सुरुवात केली, तर शाळा बदलतील. गावातील मंडळांनी उत्सवाच्या वर्गणीतील काही भाग आपल्या अंगणवाडीच्या खेळण्यांसाठी, कुंपणासाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी राखून ठेवला, तर ताराबाई-अनुताईंच्या नावाने होणाऱ्या भाषणांना काही अर्थ येईल. राष्ट्राची उभारणी संसदेत आणि कारखान्यांत होते, तशीच ती तीन वर्षांच्या मुलाच्या मुक्त खेळात आणि पंधरा वर्षांच्या मुलीशी रात्री जेवताना झालेल्या मोकळ्या बोलण्यातही होत असते. त्या उभारणीला पैशांपेक्षा वेळ अधिक लागतो, आणि तो वेळ काढणे प्रत्येक घराच्या हाती आहे.